मदतनिसाची हजेरी

चार नंबरच्या खोलीत अपोलोत पहिल्या बाकावर बसली. ब्रेलची पाटी समोर मांडली, जाड कागद अडकवला, टोचणी हातात घेतली आणि वाट बघू लागली. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. तीनशे पोरांचा वर्ग, पण ना कुणाचा खोकला, ना बाक सरकल्याची कुरकुर. मग मागच्या दारात बादली ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ओल्या फडक्याचा वास.

"अगं बाई, तू इथं काय करतेस?" झाडलोट करणारी बाई म्हणाली.

"बालमानसशास्त्राचा वर्ग आहे ना."

"तो गेला की नव्या सभागृहात! कालपासून बाहेर सूचनांच्या फळ्यावर कागद लावलाय. बघितला नाहीस?"

अपोलोतनं चेहरा आवाजाच्या दिशेनं वळवला, तशी फडक्याची सळसळ थांबली.

"अरे देवा. चुकले गं लेकी. माझ्या लक्षातच आलं नाही."

"तुमच्याच काय, कुणाच्याच येत नाही," अपोलोत म्हणाली.

नवं सभागृह विद्यापीठाच्या पार दुसऱ्या टोकाला. मधे दोन उघडी गटारं आणि भाड्यानं माणसं नेणाऱ्या बोडावाल्यांच्या मोटारसायकलींचा अड्डा. तो रस्ता तिला कुणी पायाखाली घालून दिलाच नव्हता. विचारत विचारत गेली असती तरी पोचेपर्यंत वर्ग सुटला असता. आठवड्यातली ही दुसरी वेळ. तिनं टोचणी डब्यात टाकली, डबा दाणकन मिटला आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, "देवा, तू आंधळ्यांना डोळे दिलेस असं पापा गाऊन सांगतात. मी डोळे कुठं मागतेय? मला नुसता खोलीचा नंबर कळवत जा."

आता असं नव्हतं की निरोप येत नव्हता. वर्गाचा फोनवर गट होता आणि अपोलोतचा फोन बोलका होता, आलेलं सगळं वाचून दाखवायचा. पण वर्गप्रतिनिधी काय करायचा, फळ्यावरच्या कागदाचा फोटो काढून टाकायचा. फोन म्हणायचा, "चित्र." ती पुन्हा बोट लावायची. फोन पुन्हा म्हणायचा, "चित्र." तिनं त्या पोराला दोनदा विनवलं, बाबा रे, नुसता नंबर टाइप कर. तो दोन्ही वेळा "हो हो, नक्की" म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा फोटो टाकला.

आणि असंही नव्हतं की तिला मदतनीस नव्हती. मदतनीस होती. सरकारी राखीव जागेवर आलेल्या प्रत्येक अंध मुलाला विद्यापीठ एक मदतनीस ठेवू देतं, त्याला वसतिगृहात खाट आणि जेवणाचं कार्ड देतं. अपोलोतला जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा गावात आंब्याखाली अख्ख्या कुळाची बैठक बसली होती. बोकड कापला गेला, भाषणं झाली. कुळातली पहिली पोर विद्यापीठात चालली, तीही न दिसणारी, तेव्हा तिच्यासोबत कोण जाणार हे कुळच ठरवणार. ठरली अमोडिंग, मोठ्या काकांची मुलगी. मोठे काका म्हणजे कुळाचे प्रमुख आणि गाव-परिषदेचे अध्यक्षही. परिषदेचा शिक्का त्यांच्या कोटाच्या खिशात. त्यांनी तिथल्या तिथं पत्र लिहून घेतलं, शिक्का मारला, टाळ्या झाल्या. अपोलोत बैठकीत बायकांच्या चटईवर होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तिनंही मनाशी म्हटलं, घरचंच माणूस आहे, बरंच झालं.

पहिला आठवडा अमोडिंग सावलीसारखी सोबत होती. दुसऱ्या आठवड्यात फाटकापाशी केस विणायच्या दुकानात तिला काम मिळालं. "फक्त आजचा दिवस हं अपोलोत," असं सुरू झालं आणि तेरावा आठवडा उजाडला. दर शुक्रवारी विद्यापीठाच्या साहाय्य कक्षात मदतनिसाच्या हजेरीचा कागद द्यायचा असे. अमोडिंग संध्याकाळी खाटेवर बसून त्यात बरोबरच्या खुणा करायची, मग शाईची डबी पुढं करायची, आणि अपोलोत खाली अंगठा उमटवायची. का? नाही म्हटलं तर गोष्ट गावात जाणार. गावात गेली की काकांची मान खाली. काकांची मान खाली गेली की पापांना घराबाहेर पडायची चोरी. एवढं सगळं त्या अंगठ्यावर येऊन बसायचं, म्हणून ती तो मुकाट्यानं पुढं करायची.

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, ती चाचपडत फळ्यापाशी गेली आणि बाजूनं जाणाऱ्या चपलांना म्हणाली, "जरा वाचून दाखवाल का?"

चपला थांबल्या. "तू अपोलोत ना?" आवाज मुलीचा होता, पश्चिम नाईलकडच्या लोकांचा असतो तसा थोडा जड. "मी अयिकोरू. तुझ्याच वर्गातली. बरं झालं भेटलीस. तुझं नाव आहे इथं."

"कसलं?"

"परीक्षेला बसू न द्यायच्या यादीत. हजेरी कमी. एकतीस जणांत तू नववी. तू वर्गात येत का नाहीस गं?"

"येते! रोज येते! तुम्ही नसता तिथं!"

अपोलोत इतक्या जोरानं ओरडली की फळ्याभोवतीची कुजबुज थांबली. मग तिनं फोटोंची गोष्ट सांगितली. अयिकोरू ऐकत राहिली आणि म्हणाली, "एवढंच? मी तुला रात्री आवाज पाठवत जाईन. मी वाचते तर मलाही लक्षात राहील. खाटेला खाट लागून असती तर रोज बरोबरच गेलो असतो. पण मी पडले लांब, भाड्याच्या खोलीत. एक तास चालून येते."

एवढ्याशा बोलण्यानं अपोलोतला आधी बरं वाटलं. आणि मग रागच आला. तेरा आठवड्यांत जे घडलं नव्हतं ते उभ्या उभ्या दोन मिनिटांत झालं होतं.

शुक्रवारी सकाळी ती साहाय्य कक्षात गेली. कागोया मॅडम मनानं मायाळू बाई. "ये ये, माझी लेक ती! बस. पाणी घेतेस?" भिंतीवर एक नवा फलक होता आणि येणाऱ्या प्रत्येक अंध मुलाला मॅडम तो स्वतः वाचून दाखवत. "बघ, आम्ही लिहिलंय, 'सर्वांसाठी दार उघडं.' छान आहे ना?"

"छान आहे. मॅडम, मला परीक्षेला बसू देत नाहीयेत."

मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग कपाट उघडलं, कागदांची चळत टेबलावर पडली. "लेकी, पण हे काय मग? तेरा आठवडे, प्रत्येक तासाला मदतनीस हजर. वर्ग बदलला तर तिनं तुला न्यायला नको का? आणि नेलं नाही तर खाली हा अंगठा कुणाचा?"

"माझा."

"मग?"

"ती येत नव्हती. मी खोटा दिला."

मॅडमची खुर्ची करकरली. "असं मोठ्यानं बोलू नकोस. पुढच्या शुक्रवारी समितीची बैठक आहे, यादीतल्या मुलांची. तोवर एक कर. मदतनीस बदल. दुसरी आली की मी समितीला सांगते, अडचण होती, आता मिटली."

"मग माझ्या वर्गातली अयिकोरू लिहा. तिला खाट हवीय, मला ती हवीय."

"तसं नाही करता येत. पहिली मदतनीस गावाच्या पत्रानं आली, तर दुसरीही गावाच्याच पत्रानं येणार. शिक्क्यासह. नाहीतर उद्या कुणीही कुणालाही आणून खाटेवर झोपवेल."

"शिक्का पहिलीच्या बापाच्याच खिशात आहे, मॅडम."

"मग तर सोपंच झालं, घरातलाच माणूस!"

अपोलोतनं मुठी मांडीवर दाबल्या. "आणि मला सही येते. शाळेत शिकलेय. दर शुक्रवारी अंगठा का मागता?"

"ती पद्धत आहे. अंध विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीच ठेवलीय. चिडू नकोस गं."

चिडू नकोस. कुठंही गेलं तरी हे शेवटी यायचंच.

तिथून ती सरळ फाटकाकडे गेली. दोनशे दहा पावलं, मग डावीकडे, खोबरेल आणि जळक्या केसांचा वास आला की दुकान. आत अमोडिंग कुणाच्या तरी डोक्यात बारीक वेण्या घालत होती.

"माझं नाव यादीत लागलं. खूश?" अपोलोत दारातूनच म्हणाली.

"कुठल्या यादीत?"

"परीक्षा नाही म्हणून. तुझ्या खोट्या खुणांची यादी."

"माझ्या खुणा? आणि अंगठा काय माझ्या आईचा होता?"

"तू डबी पुढं करायचीस!"

"तू हात मागं घ्यायचास ना! महाराणीला तोंड नव्हतं?" अमोडिंगचा आवाज चढला. "मला कुणी विचारलं होतं का गं, जाशील का म्हणून? कूळ म्हणालं जा, मी आले. पगार नाही, सर्टिफिकेट नाही. तीन वर्षांनी तू मास्तरीण होशील. मी कोण होईन? तीन वर्षं तुझी काठी झालेली बाई. इथं निदान माझ्या हाताला लोक नावानं विचारतात."

"ए, तुमचं भांडण तुमचं," खुर्चीतली गिऱ्हाईक कळवळली, "माझे केस कशाला उपटतेस?"

कुणी हसलं. अपोलोतला हसू आलं नाही. वाईट याचं वाटत होतं की अमोडिंगचं म्हणणं तिला कळत होतं. बोकड दोघींच्या नावानं कापला होता आणि विचारलं दोघींपैकी एकीलाही नव्हतं.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. तिचे पापा चर्चमध्ये धर्मशिक्षक. त्यांचा उपदेश ऐकायला तीन गावची माणसं येत, कारण ते उपदेश बोलत नसत, गात. मांडीवर अकोगो घ्यायचे, त्याच्या लोखंडी पट्ट्या दोन अंगठ्यांनी छेडायचे आणि ख्रिस्ताची गोष्ट अशी उलगडायचे की बायका उचकी लागेपर्यंत रडाव्यात आणि पुढच्याच ओळीला खदखदून हसाव्यात. एक ओळ त्यांची, दुसरी सगळ्या मंडळीची. त्या गाण्यात देव स्वतः येऊन मागच्या रांगेत बसतो, असं अपोलोतला लहानपणी खरंच वाटायचं, आणि अजूनही वाटत होतं. शाळेतले सनसनावळ्यांचे धडे तिनं त्याच चालीवर पाठ केले होते.

"पापा, मोठ्या काकांकडून पत्र हवंय. अमोडिंगला मोकळी करून मला माझ्या पसंतीची मदतनीस द्या म्हणून." तिनं सगळं सांगितलं, अंगठ्याचंही.

"बाळा, थोरल्यांपुढं माझं काय चालतं? त्यांच्या पोरीची गोष्ट. आणि परक्या कुळाची मुलगी..."

"रविवारी उभ्या गावाला गाऊन सांगता, घाबरू नका म्हणून! आणि बैठकीत बसलात की तोंड शिवता!" बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. बापाला असं बोलायची ही पहिलीच वेळ.

"बरं," पापा हळूच म्हणाले. "बघतो." आणि फोन ठेवला.

पुढचे पाच दिवस काहीच आलं नाही. अयिकोरूचे आवाज मात्र रोज रात्री येत राहिले: "उद्या आठ वाजता बारा नंबर. मी पायऱ्यांपाशी थांबते." कितीतरी आठवड्यांनी अपोलोतच्या समोर रोज कागदही होता आणि शिकवणारा माणूसही. पण तेरा आठवड्यांचं भोक पाच दिवसांत बुजणार थोडंच?

गुरुवारी दुपारी वसतिगृहाच्या दारातून ओळखीची हाक आली, आणि पाठोपाठ कोंबडीचा फडफडाट.

"अपोलोऽत! अगं, कुठं आहेस? या पोरी मला आत सोडत नाहीत, म्हणतात कोंबडी चालत नाही!"

"आत्या?"

अडेके आत्या, पापांची थोरली बहीण. तिनं अपोलोतला छातीशी धरलं. अंगाला भाजलेल्या भुईमुगाचा आणि बसच्या धुराचा वास. "काय सांगू तुला! रविवारी तुझ्या बापानं असं गायलं, असं गायलं! रिकाम्या खोलीत बसलेल्या लेकराची गोष्ट. नाव घेतलं नाही कुणाचं, पण सगळ्यांना कळलं. मोठा भाऊ पहिल्या बाकावर, कोटबिट घालून. मधेच उठायची सोय नाही, गाणं चालू असताना कोण उठतं? तुझ्या बापाची ओळ झाली की आम्ही सगळे म्हणायचो, 'लेकरू अजून वाट बघतंय!' सात वेळा म्हणायला लावलं. सातव्याला मोठा भाऊसुद्धा रुमाल काढून रडला."

अपोलोतनं आत्याचा हात धरला. "मग पत्र?"

"आणलंय की! चर्च सुटल्या सुटल्या आंब्याखाली बैठक. सगळे इतके रडले होते की एका तासात निकाल. हे घे, शिक्का आहे."

आत्याला वाचता येत नव्हतं, अपोलोतला दिसत नव्हतं. वाचलं वर्गातून सोबत आलेल्या अयिकोरूनं. पहिल्या दोन ओळी वाचून ती थांबली.

"काय झालं?"

"अमोडिंगला मोकळी केलीय," अयिकोरू म्हणाली. "आणि तिच्या जागी मदतनीस म्हणून... श्रीमती अडेके. वय अठ्ठावन्न."

"म्हणजे मी!" आत्या अभिमानानं म्हणाली. "सगळे म्हणाले, तरण्या पोरींचा भरवसा नाही, पिकलं माणूस पाठवा. शेंगांचं शेत टाकून आले बघ. आता तुला एकटी सोडायची नाही. गुडघे दुखतात, पण हळूहळू चालू."

अपोलोत खाटेवर बसली. तिला ओरडायचं होतं, आणि कुणावर ओरडायचं ते कळत नव्हतं. पापांनी जीव ओतून गायलं होतं. मंडळी खरंच रडली होती. इतकी रडली, की तिला काय हवंय हे विचारायचं पुन्हा राहून गेलं.

शुक्रवारी समितीसमोर कागोया मॅडम आनंदात होत्या. "सर, या मुलीची अडचण मिटली. गावाचं पत्र आलंय, शिक्क्यासह. नवी मदतनीस बाहेर बसली आहे. पहिलीला काही घरगुती कारणानं जावं लागतंय. हजेरीचे कागद तर नीटच आहेत."

समितीचे प्रमुख वाकाबी सर पानं उलटत म्हणाले, "छान. मग वर्गातली हजेरी कमी ती आजारपणामुळं, असं लिहून घेऊ?"

एक शब्द, 'हो', एवढाच हवा होता. सहाही पेपर मिळाले असते. अमोडिंगचं नाव निघालं नसतं. आणि पुढच्या सत्रात दर शुक्रवारी शाईची डबी, आत्याचे गुडघे आणि नवं सभागृह.

"नाही सर," अपोलोत म्हणाली. "मी एक दिवसही आजारी नव्हते. हे कागद खोटे आहेत. मदतनीस येत नव्हती आणि ती येते असं म्हणून मी अंगठे दिले."

"लेकी!" मॅडम कुजबुजल्या.

"आणि ती असती तरी वर्ग कुठं हलवला ते तिलाही फळ्यापाशी जाऊनच कळलं असतं. नंबर टाइप करून पाठवायला किती वेळ लागतो, सर? एक खोली, एक वेळ. तेरा आठवडे मी तेवढंच मागतेय. त्याच्याऐवजी मला काठी दिलीत, खाट दिलीत, भिंतीवर लिहिलंत. बाहेर माझी आत्या बसली आहे. देवमाणूस आहे. तिला वाचता येत नाही. गावानं पत्र दिलं म्हणून तिला माझी मदतनीस केलीत, तर मीच तिची मदतनीस होईन."

कुणीतरी खाकरलं. वाकाबी सरांनी विचारलं, "मग तुझं म्हणणं काय?"

इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "माझा माणूस मी निवडीन. तो आला की नाही ते मी लिहीन, माझ्या सहीनं. गावाच्या शिक्क्यानं नाही."

तिला बाहेर बसवून त्यांनी अर्धा तास चर्चा केली. निकाल सांगायला मॅडमच आल्या. आवाजात नेहमीची साखर नव्हती. पाच पेपरांना बसता येईल. बालमानसशास्त्राचे निम्म्याहून जास्त तास बुडाले, तो पेपर पुढच्या वर्षी, पहिल्यापासून. खोट्या अंगठ्यांबद्दल लेखी ताकीद. अमोडिंगची खाट आणि कार्ड रविवारपासून बंद. खोलीचे नंबर टाइप करून पाठवायचं वर्गप्रतिनिधीला सांगण्यात येईल. मदतनिसाचं मात्र नियमात बसत नाही, तो प्रश्न वरच्या समितीकडे पाठवू.

"केव्हा बसते ती समिती?"

"पुढच्या सत्रात. तोवर खाट रिकामी राहील. सांगितलं असतंस ना मी म्हणाले तसं, तर सगळं मिळालं असतं."

"हो मॅडम."

व्हरांड्यात आत्याशेजारी अमोडिंग बसली होती. तेलाच्या वासावरून अपोलोतनं ओळखलं. आत्यानंच तिला दुकानातून ओढून आणलं असणार. अपोलोतनं निकाल सांगितला, खाटेचंही, काही न लपवता. अमोडिंग बाकावरून उठल्याचा आवाज झाला, चपला दोन पावलं गेल्या, थांबल्या.

"घरी मी जाणार नाही," ती म्हणाली. "दुकानाच्या मागं खोली आहे. बापाला तूच सांग, तुला आता बोलता येतं." आणि चपला फाटकाच्या दिशेनं निघून गेल्या.

अपोलोतनं तिला हाक मारली नाही. मारून काय म्हणणार होती?

"गेली," आत्या म्हणाली. "आणि माझं काय? मीही परत जाऊ?"

"शेंगा काढायला आल्यात ना, आत्या?"

"आल्यात." तिच्या आवाजात सुटकाही होती आणि थोडं लागलेलंही. "पण तुझ्यापाशी कोण? ती जड आवाजाची पोर? कुठल्या कुळाची ती?"

"माहीत नाही. कधी विचारलं नाही."

"बिन खाटेची करील ती?"

"तेच तिला विचारायचंय आज," अपोलोत म्हणाली. "नाही म्हणाली तर नाही."

आत्यानं तिचा हात हातात घेतला आणि दोघी पायऱ्या उतरू लागल्या, आत्या गुडघ्यांमुळं हळू आणि अपोलोत आत्यामुळं. सोमवारी सकाळी आठला पहिला पेपर होता. कुठल्या खोलीत, ते अजून कुणी कळवलं नव्हतं.